चंद्रासाठीचा स्वस्त रोव्हर: आधी माती, मग एक चाक, गाडी शेवटी

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये किंवा रोबोटिक्स क्लबमध्ये बनलेले चांद्र रोव्हर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी मार खातात. फरशीवर गाडी झकास पळते, व्हिडिओही निघतात. मग प्रात्यक्षिकाच्या आठवडाभर आधी कोणीतरी ती सैल वाळूत सोडतं. चाकं जागच्या जागी गरगरतात आणि दोन मिनिटांत गाडी पोटावर टेकते. पुढची पळापळ ठरलेली: मोठी मोटर, मोठी बॅटरी, वाढलेलं वजन, आणि पुन्हा तेच रुतणं.

सुटे भाग वाईट असतात असं नाही. चुकतो तो क्रम. सांगाडा आधी, मोटर मग, कोड त्यानंतर आणि जमीन सगळ्यात शेवटी, असा बहुतेकांचा प्रवास असतो. तो उलटा करायचा आहे. खाली ५ किलोच्या, चार चाकांच्या, जमिनीवर चाचणी घ्यायच्या नमुन्याची कृती दिली आहे. हा नमुना अंतराळात जाणार नाही. किरणोत्सर्ग, निर्वात आणि उड्डाणातली कंपनं हा वेगळा आणि महागडा विषय आहे. पण रुतणं, धूळ, सावल्या आणि संदेशाचा उशीर या चार अडचणी कमी पैशांत खऱ्यासारख्या उभ्या करता येतात, आणि नवखे संघ अडकतात ते बहुधा इथेच.

## टप्पा १: काम एका वाक्यात लिहा

स्वस्त रोबोट स्वस्त भागांतून होत नाही. त्याला काम कमी दिलं तरच तो स्वस्त होतो. जानेवारी २०२४ मध्ये जपानच्या 'स्लिम' यानाबरोबर चंद्रावर गेलेला एलईव्ही-२ हा रोबोट पाहा. जेमतेम ८ सेंटिमीटर व्यासाचा, सुमारे २५० ग्रॅम वजनाचा गोळा. उतरताना बाहेर पडायचं, उघडायचं, थोडं सरकायचं आणि यानाचा फोटो काढायचा, एवढंच त्याचं काम होतं. फोटो पृथ्वीवर पाठवण्याची जबाबदारीसुद्धा त्याच्याकडे नव्हती, ती सोबतच्या दुसऱ्या रोबोटकडे होती. यान नाकावर उभं राहिल्याचं दाखवणारा फोटो या गोळ्यानेच काढला.

तुमचं वाक्य असं काहीसं असावं: 'सैल मातीत, १५ अंशांपर्यंतच्या चढावर, ३० मीटर जाऊन १० फोटो पाठवणे, वेळ ३ तास.' अंतर, चढ, वेळ आणि परत काय पाठवायचं, हे चारही त्यात हवं. स्पर्धेसाठी बनवत असाल तर नियमपुस्तिकेतूनच हे वाक्य काढा. इस्रोच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राने २०२४ साली विद्यार्थ्यांसाठी रोव्हरची स्पर्धा घेतली होती. अशा ठिकाणी वजन आणि आकाराची मर्यादा आधीच ठरलेली असते.

या वाक्यात न बसणारं सगळं काढून टाका. रोबोटिक हात पहिला काढा. हात म्हणजे नुसतं वजन नव्हे; तो गुरुत्वमध्य वर आणि पुढे नेतो, वीज खातो आणि संघातल्या दोन हुशार मुलांना दोन महिने गुंतवतो. चंद्राच्या रात्री तग धरणंही यादीतून काढा. तिथली रात्र साधारण १४ पृथ्वी-दिवसांची असते. चांद्रयान-३ चा प्रज्ञान सप्टेंबर २०२३ च्या सुरुवातीला झोपवला गेला, तो पुन्हा जागा झाला नाही, आणि तरीही मोहीम यशस्वीच ठरली, कारण ठरलेलं काम एका चांद्र दिवसाचंच होतं.

तपासणी: वजनाची वही आजच सुरू करा. प्रत्येक भाग काट्यावर ठेवूनच नोंद करायची, वेबसाइटवर लिहिलेलं वजन उतरवायचं नाही. ५ किलोंपैकी किमान अर्धा किलो 'अजून आठवलं नाही' या नावाने राखून ठेवा. वायर, स्क्रू आणि कनेक्टर तो खाणारच आहेत. पैशांपैकीही तिसरा हिस्सा हातचा ठेवा.

## टप्पा २: माती तयार करा

याबाबतीत महाराष्ट्रातल्या वाचकाचं नशीब चांगलं आहे. चंद्रावरचे काळसर दिसणारे सपाट प्रदेश बेसॉल्टचे आहेत आणि आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाणही बेसॉल्टच. नासाने वापरलेली जेएससी-१ए ही कृत्रिम चांद्रमाती ॲरिझोनातल्या ज्वालामुखीच्या बेसॉल्टी राखेपासून बनवलेली होती. आपल्याकडे खडी क्रशरवर दगडाची डस्ट ढिगाने मिळते. चंद्राचे उजळ, उंच प्रदेश मात्र ॲनॉर्थोसाइट या वेगळ्या खडकाचे आहेत. त्यासाठी इस्रोने तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातला, सित्तमपूंडी परिसरातला खडक दळून माती बनवली. पण चाक रुतण्याचा प्रश्न रसायनापेक्षा कणांच्या आकाराचा असतो, म्हणून आपल्या कामाला क्रशरची डस्ट पुरते.

नदीची वाळू घेऊ नका. पाण्यात घासून तिचे कण गोल झालेले असतात. किनाऱ्यावरची वाळू त्याहून वाईट: गोल, शिवाय ओलसर आणि खारट. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कण काचेच्या चुऱ्यासारखे टोकदार राहिले आहेत. ताज्या फोडलेल्या दगडाचा चुरा त्याच्या बराच जवळ जातो.

आता चाळण. चांद्रमातीचा साधारण अर्धा भाग ७० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतो. सिव्हिल विभागाच्या प्रयोगशाळेत चाळण्यांचा संच असतोच. त्यातली ७५ मायक्रॉनची मागून घ्या. आधी १ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारं सगळं बाजूला काढा. उरलेल्यातला किती भाग ७५ मधून खाली जातो ते वजन करून बघा. बहुधा तो कमी भरेल. मग क्रशरच्या पट्ट्याखाली साचलेली पीठासारखी पावडर वेगळी आणून मिसळायची, अर्ध्याच्या जवळ पोचेपर्यंत.

मग वाळवण. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ओलसर मातीचे कण एकमेकांना धरतात, चाकाला पकड मिळते आणि रोव्हर ऐटीत चढ चढतो. पावसाळ्यात पुण्यात किंवा कोकणात घेतलेली चाचणी त्यामुळे जवळपास निरुपयोगी असते. डस्ट उन्हात पातळ थरात पसरून वाळवा आणि झाकणाच्या पिंपात ठेवा. पिंप चाचणीच्या वेळीच उघडायचं.

तपासणी: मूठभर माती घट्ट दाबा आणि मूठ उघडा. सुबक गोळा राहिला आणि बोटाने ढकलला तरी फुटला नाही, तर ती ओली आहे. दुसरी खूण वजनाची: १०० ग्रॅम माती कढईत दहा मिनिटं गरम करा, वजन १ ग्रॅमपेक्षा जास्त घटलं, तर पुन्हा उन्हात.

सावधान: ही धूळ फुप्फुसात साचते. चाळताना आणि चाचणी घेताना एन-९५ मास्क हवाच. ओढणी किंवा रुमाल चालणार नाही. बंद खोलीत झाडू मारू नका, आणि टेबलफॅन तर अजिबात लावू नका.

सावधान: २० सेंटिमीटर खोल मातीचं वजन दर चौरस मीटरला ३०० किलोंच्या वर जातं. घराचा स्लॅब साधारण २०० किलोंच्या हिशेबाने बांधलेला असतो. मातीचा हौद तळमजल्यावरच करा.

आणखी एक गोष्ट, कारण दरवर्षी कोणाला तरी ही कल्पना सुचते: लोणारहून माती आणू नका. बेसॉल्टमधलं आघात-विवर म्हणून ते अभ्यासाला अनमोल आहे, पण तो संरक्षित परिसर आहे. शिवाय चाक रुततं की नाही हे पाहायला लोणारची माती क्रशरच्या डस्टपेक्षा वेगळं काही सांगणार नाही.

## टप्पा ३: एकच चाक बनवा आणि त्याला छळा

या लेखातला एकच टप्पा करणार असाल तर हा करा. चार मोटरींची ऑर्डर देण्याआधी एक चाक, एक मोटर आणि एक पेटी.

पेटी: लांबी दीड मीटर, रुंदी ४० सेंटिमीटर, माती २० सेंटिमीटर खोल. यात साधारण २०० किलो माती लागेल. एक लांब बाजू जाड पारदर्शक ॲक्रिलिकची ठेवा. चाकाखाली काय चाललं आहे ते दिसलं नाही तर पेटी करून उपयोग नाही.

चाक: १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी ड्रेनेज पाइपचा ८ सेंटिमीटर रुंद तुकडा कापा. दोन्ही बाजू प्लायच्या चकत्यांनी पूर्ण बंद करा. उघड्या चाकात माती भरते, फिरता फिरता आतच घोळत राहते आणि फुकटचं वजन वाढवते. बाहेरच्या कडेवर अर्ध्या इंचाची ॲल्युमिनियम अँगल आडवी, पॉप रिव्हेटने बसवायची. या पट्ट्यांना ग्राउझर म्हणतात. रबरी टायर लावण्याचा मोह टाळा. चंद्राच्या थंडीत रबर ठिसूळ होतं, आणि सैल मातीत त्याच्या चिकटपणाचा उपयोगही नसतो. तिथे पकड देतात त्या मातीत घुसणाऱ्या पट्ट्या. पीव्हीसीसुद्धा अर्थात फक्त या नमुन्यापुरतं.

जोडणी: चाक आणि मोटर एका ब्रॅकेटवर. ब्रॅकेट वरखाली मोकळा सरकला पाहिजे. उभं लावलेलं ड्रॉवरचं टेलिस्कोपिक चॅनेल हे काम छान करतं. तो सगळा संच पेटीच्या काठावरच्या आडव्या रुळावर पुढेमागे सरकेल. चाकाखाली स्वयंपाकघरातला काटा ठेवून भार मोजा आणि वजनं टाकून तो सव्वा किलो करा. ५ किलोचा रोव्हर, चार चाकं, हा त्यामागचा हिशेब.

आता क्रमाने:

१. माती दर वेळी सारखीच तयार करा. पंजाने पूर्ण खोलीपर्यंत उकरा, लाकडी पट्टीने सपाट करा, हाताने दाबू नका. मागच्या फेरीच्या चाकोरीत दुसरी फेरी घेतली तर निकाल नक्की चांगला येतो आणि नक्की खोटा असतो.

२. चाक मागे काहीही न बांधता, रिकामं चालवा. एनकोडरने (चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरने) मोजलेलं अंतर आणि टेपने मोजलेलं अंतर लिहा. एनकोडर १८० सेंटिमीटर म्हणतो आणि टेप १२६, तर स्लिप, म्हणजे वाया गेलेलं फिरणं, ३० टक्के. दीड मीटरच्या पेटीत एवढंच अंतर मिळतं, पण ते पुरतं.

३. मागे दोरी बांधा, ती पुलीवरून खाली सोडा आणि टोकाला वजन लटकवा. चाकाला आता ते ओढत पुढे जायचं आहे. सव्वा किलो भाराचं चाक ४५० ग्रॅम ओढू शकलं, तर ते साधारण २० अंशांचा चढ चढण्याइतकी ओढ देतं. १५ अंशांसाठी सुमारे ३३५ ग्रॅम. सूत्र सोपं आहे: भार गुणिले चढाच्या कोनाचा टॅन्जंट. रुळाचं घर्षण आधी वेगळं मोजून या आकड्यात मिळवायला विसरू नका.

४. वजन ५० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढवत स्लिपचा आलेख काढा. एका मर्यादेपर्यंत तो हळूहळू चढतो आणि मग एकदम उभा होतो. ती मर्यादा म्हणजे तुमच्या रोव्हरची खरी ताकद. मोटरचा डेटाशीट ती सांगत नाही.

चाक फिरताना ॲक्रिलिकमधून बघा. चाकाच्या पुढे मातीचा ढीग जमून ढकलला जात असेल, तर पट्ट्या कमी किंवा आखूड आहेत. पुढची पट्टी मातीत शिरण्याआधीच चाकाची गुळगुळीत कड मातीला पुढे रेटते आहे, असा त्याचा अर्थ. १६ पट्ट्यांनी सुरुवात करा, मग २४ लावून बघा. त्यापुढे वाढवून फारसा लाभ दिसत नाही. पट्ट्यांच्या फटीत माती दाबून बसते आणि चाक पुन्हा गुळगुळीत असल्यासारखं वागतं.

तपासणी: १५ अंशांइतकी ओढ देताना स्लिप ४० टक्क्यांच्या आत असेल तरच पुढच्या टप्प्यावर जा. नसेल तर चाक रुंद करा किंवा व्यास वाढवा. दोन्हींत व्यास वाढवणं जास्त कामी येतं.

## टप्पा ४: मोटरचा हिशेब कागदावर

आता कुठे मोटर. ५ किलोचं वजन म्हणजे ४९ न्यूटन. १५ अंशांचं काम असलं तरी हिशेब २० अंशांचा धरा. चढासाठी १७ न्यूटन लागतात. सैल मातीतला विरोध भाराच्या पाव हिश्शाइतका धरला तर आणखी साडेअकरा. बेरीज सुमारे २८ न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.०८ मीटर, म्हणून एकूण टॉर्क (फिरवण्याचा जोर) सव्वादोन न्यूटन-मीटर, म्हणजे चाकामागे ०.५७. आपल्या बाजारात टॉर्क किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये सांगतात, त्या भाषेत ५.८.

यावर दोन गुणक. चारही चाकांवर भार कधीच सारखा नसतो, म्हणून दुप्पट: साडेअकरा. आणि गिअर मोटर तिच्या स्टॉल टॉर्कच्या (मोटर अडून थांबते तेव्हाच्या टॉर्कच्या) तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त सतत चालवली की तापते, म्हणून तिप्पट. उत्तर ३५ किलोग्रॅम-सेंटिमीटर स्टॉल टॉर्क.

वेग? १० आरपीएम पुरे झाले. १६ सेंटिमीटरच्या चाकाला त्यात सेकंदाला ८ सेंटिमीटर मिळतात. प्रज्ञान सेकंदाला १ सेंटिमीटर चालत होता. १०० आरपीएमची मोटर घेऊन पीडब्ल्यूएमने (वीज झटपट चालू-बंद करून) हळू चालवायची, ही नेहमीची चूक आहे. कमी वेगात तिचा टॉर्क आणि नियंत्रण दोन्ही लंगडतात.

सावधान: चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लटकवू नका. एका दगडावर आपटलं की आतला गिअर तुटतो. शाफ्टला स्वतंत्र बेअरिंग द्या. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच घट्ट करा आणि थ्रेड लॉकर लावा. 'मोटर फिरते पण चाक फिरत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

## टप्पा ५: सांगाडा

प्रज्ञानला सहा चाकं आणि रॉकर-बोगी (सगळी चाकं जमिनीला टेकलेली ठेवणारी हातांची रचना) आहे म्हणून आपल्यालाही तेच हवं, असं धरून चालू नका. सहा चाकं म्हणजे सहा मोटरी, सहा ड्रायव्हर (मोटरला वीज देणारी सर्किटं) आणि तुटायच्या दीडपट जागा. चाकाच्या त्रिज्येपेक्षा उंच दगड चढायचे नसतील तर चार चाकं पुरतात. चंद्राकडे निघालेला कार्नेगी मेलन विद्यापीठाचा विद्यार्थ्यांनी घडवलेला आयरिस रोव्हर चार चाकांचाच, फक्त २ किलोंचा होता. त्याला नेणारं यान चंद्रावर पोचलं नाही, तो भाग वेगळा.

एक गोष्ट मात्र सोडायची नाही: चारही चाकं जमिनीला टेकलेली राहिली पाहिजेत. दोन बाजूंना एकेक हात, हाताच्या दोन टोकांना चाकं, आणि दोन्ही हात मध्ये एका आडव्या दांडीने असे जोडायचे की एक वर गेला की दुसरा खाली यावा. धड दोघांच्या मधल्या कोनात राहतं. चौकोनी ॲल्युमिनियम पाइप, रॉड एंड आणि चार बेअरिंग, एवढ्यात हे होतं. स्प्रिंग नको.

वळण्यासाठी वेगळ्या मोटरी लावू नका. दोन्ही बाजूंच्या वेगातल्या फरकाने वळवा. प्रज्ञानही असाच वळतो. पण मातीत जागच्या जागी गिरकी घेणं म्हणजे चारही चाकांनी आडवं खणणं. पुढे सरकत, मोठ्या वर्तुळात वळवा. चाकांमधली रुंदी लांबीपेक्षा कमी असेल तर वळणं फार जड जातं. रुंदी लांबीइतकी किंवा थोडी जास्त ठेवा.

तपासणी: एका चाकाखाली ८ सेंटिमीटरचा ठोकळा ठेवा. बाकीच्या तीन चाकांखाली कागदाच्या पट्ट्या सरकवून ओढा. एखादी सहज निघाली तर ते चाक हवेत आहे.

## टप्पा ६: वीज आणि वायर

सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने चढताना प्रत्यक्ष यांत्रिक काम दीड वॅटच्या आसपास होतं. मोटर आणि गिअरमधला तोटा धरून ६-७ वॅट. रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय'), कॅमेरा आणि रेडिओ मिळून जवळपास तेवढेच खातात. म्हणजे रोव्हर उभा राहून विचार करत असतानाही बॅटरी निम्म्या वेगाने उतरत असते. नवख्यांना हे उशिरा कळतं. एकूण १५ वॅट धरा. ११.१ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांचा पॅक ५५ वॅट-तास देतो. त्यातले ८० टक्के वापरायचे, म्हणजे ३ तासांपेक्षा थोडं कमी. आपल्या वाक्यातल्या ३ तासांना हे काठावर पडतं, म्हणून चालत नसताना पायचे अनावश्यक भाग बंद ठेवा किंवा मोठा पॅक घ्या.

एल२९८एन हा लाल ड्रायव्हर प्रत्येक किटमध्ये असतो आणि इथे तो नको. तो दोन व्होल्टच्या आसपास स्वतःच गिळतो आणि गरम होतो. मॉस्फेट या ट्रान्झिस्टरवर चालणारा ड्रायव्हर घ्या आणि तो मोटरच्या स्टॉल करंटवरून निवडा.

पायला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) द्या. मोटर अडली की व्होल्टेज क्षणभर पडतं आणि कॉम्प्युटर रिसेट होतो. मग सगळे तीन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात. ग्राउंड मात्र सगळ्यांचं एकच. बॅटरीच्या पहिल्याच वायरवर फ्यूज. प्रत्येक मोटरला करंट सेन्सर लावा, हा खर्च वाचवू नका: चाक रुतायला लागलं की सगळ्यात आधी करंट बोलतो.

सावधान: लिथियम पॅक बीएमएसशिवाय (सेलचं रक्षण करणाऱ्या सर्किटशिवाय) वापरू नका, रात्रभर चार्जिंगला लावून घरी जाऊ नका, आणि फुगलेला सेल 'अजून चालतोय' म्हणून ठेवू नका.

## टप्पा ७: धूळ आणि उष्णता

बेअरिंग दोन्ही बाजूंनी सीलबंद घ्या. शाफ्ट बाहेर येतो तिथे नमद्याची चकती बसवा. उघडं ग्रीस नको, त्यावर धूळ चिकटून पॉलिश पेपर तयार होतो. मग रोव्हर अधांतरी ठेवून चाकांचा करंट मोजा, तासभर धुळीत चालवा, पुन्हा मोजा. पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढ म्हणजे धूळ आत गेली.

पंखा काढून टाका. चंद्रावर हवा नाही, तिथे तो काहीच करणार नाही. उष्णता धातूच्या पट्टीतून सांगाड्यात न्यायची. डबा थर्माकोलमध्ये गुंडाळून, पट्टी तेवढी बाहेर ठेवून, तासभर पूर्ण भाराने चालवा. ८० अंशांच्या पुढे रास्पबेरी पाय स्वतःचा वेग कमी करतो. तिथवर पोचला तर पट्टी जाड करा.

## टप्पा ८: सावल्या

ट्यूबलाइटखाली घेतलेली कॅमेऱ्याची चाचणी फसवी असते. चांद्रयान-३ उतरलं तिथे, सुमारे ६९ अंश दक्षिणेला, सूर्य दुपारीही क्षितिजापासून फार तर २०-२२ अंश वर येतो. हवा नसल्यामुळे प्रकाश विखुरत नाही. सावली म्हणजे जवळपास काळोख.

खोली अंधारी करा, भिंतींवर काळं कापड लावा, आणि एकच तीव्र दिवा १५ अंशांवर, शक्य तितका लांब ठेवा. दुसरा दिवा लावायचा नाही, मोबाइलचा टॉर्चसुद्धा नाही. रोव्हर दिव्याकडे तोंड करून, पाठ करून आणि आडवा, असे तिन्ही प्रकारे चालवा. पाठीशी सूर्य असताना दगडांच्या सावल्या दगडांमागेच लपतात आणि जमीन सपाट वाटते. खड्डे चुकतात ते इथे. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर बंद करा आणि प्रत्येक थांब्यावर दोन फोटो घ्या, एक उजेडासाठी, एक सावलीसाठी.

## टप्पा ९: उशिराने चालवणं

संदेशाला चंद्रापर्यंत जायला सुमारे १.३ सेकंद लागतात, उत्तर यायला तेवढेच. हे ऐकायला किरकोळ वाटतं. जॉयस्टिक हातात घेऊन अडीच सेकंद उशिराने चालवून बघा, पहिल्याच वळणावर गाडी भिंतीत जाते.

म्हणून जॉयस्टिक ठेवून द्या. फोटो घ्या, बघा, 'पुढे ३० सेंटिमीटर, थांब' अशी आज्ञा पाठवा, पुन्हा फोटो. प्रज्ञानच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या फोटोंवरून पृथ्वीवर जमिनीचा नकाशा तयार होई आणि मग वाट ठरे. एका वेळी फार तर ५ मीटरची. २७ ऑगस्ट २०२३ ला ३ मीटर पुढे ४ मीटर व्यासाचं विवर दिसलं, आणि रोव्हरला आल्या वाटेने परत फिरवलं गेलं.

लिनक्समध्ये नेटेमच्या (नेटवर्कमध्ये मुद्दाम उशीर घालणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने दोन्ही दिशांना १.३ सेकंदांचा उशीर टाका. चालकाला दुसऱ्या खोलीत बसवा. मातीजवळ उभ्या असलेल्या कोणीही त्याला काही सांगायचं नाही. 'डावीकडे घे रे!' अशी एक हाक ऐकू गेली की ती फेरी बाद.

कोडमध्ये तीन थांबे असलेच पाहिजेत: आज्ञेची मुदत संपली की थांब, करंट मर्यादेवर गेला की थांब, कल २५ अंशांपुढे गेला की थांब. थांबल्यावर आपोआप मागे फिरणं वगैरे हुशारी नंतर.

तपासणी: रोव्हर चालत असताना वायफायचा राउटर बंद करा. गाडी चालू आज्ञा संपवून उभी राहिली पाहिजे. चालत राहिली तर मातीत न्यायची नाही.

## टप्पा १०: पूर्ण चाचणी, आणि एक षष्ठांशाचा घोळ

चंद्रावर वजन एक षष्ठांश होतं, म्हणून काही जण रोव्हरमधले भाग काढून तो तेवढा हलका करतात, किंवा पुलीवरून प्रतिवजन लावून उचलून धरतात, आणि तो चढ सरसर चढल्यावर खूश होतात. गाडी हलकी झाली, पण माती पृथ्वीवरचीच राहिली. तिचे कण अजूनही पूर्ण गुरुत्वाने एकमेकांवर दाबले जात आहेत, म्हणून ती खऱ्या चांद्रमातीपेक्षा घट्ट धरते. हलक्या रोव्हरचा निकाल त्यामुळे नेहमी गोड येतो. पूर्ण वजनाने चाचणी घ्या आणि तीच नोंदवा. हलकी चाचणी केलीच, तर अहवालात तसं स्पष्ट लिहा आणि तिच्यातून चढाचा आकडा काढू नका.

मोठा हौद ३ बाय २ मीटरचा करा. एका टोकाला फळी लावून माती १५ अंशांवर रचा. बाहेर जायचं असेल तर बंद पडलेली दगडखाण उत्तम, मालकाची लेखी परवानगी घेऊन, उन्हाळ्यात, आणि कोसळू शकणाऱ्या कड्यापासून लांब. फेऱ्या या क्रमाने: सपाट सरळ, सपाट वळण, चढ सरळ, उतार सरळ, आणि शेवटी चढावर आडवं. शेवटच्या फेरीत खालच्या बाजूची चाकं जास्त भार घेतात आणि गाडी खाली घसरत जाते. तिथे दोरी बांधून ठेवा.

आधी मुद्दाम रुतवूनही बघा. चारही चाकं निम्मी पुरा आणि मग दुसऱ्या खोलीतून, उशिरासकट, बाहेर काढा. चाकं जोरात फिरवली की गाडी आणखी खाली जाते. सगळी चाकं अगदी हळू, आल्या दिशेने उलटी फिरवा, १० सेंटिमीटरच्या आज्ञा देत. जमलं नाही तर एका वेळी एकेक चाक थोडंसं.

फेरी फसली तर दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी मातीची ओल आणि सैलपणा तपासा, कारण निम्म्या वेळा दोन फेऱ्यांतला फरक तिथेच असतो. मग वजनाची वाटणी: बॅटरी ३-४ सेंटिमीटर पुढे सरकवल्याने चढावर मागच्या चाकांचा भार कमी होतो. मग ग्राउझर. मग वजन कमी करणं. मोठी मोटर सगळ्यात शेवटी, आणि तीही करंटच्या नोंदीत जुनी मोटर खरोखर अडलेली दिसली तरच. चाक फिरत राहून गाडी जागची हलत नसेल, तर मोटर बदलून फक्त खड्डा लवकर खणला जाईल.